बिजागरीचा ठरलेला दर

माझ्या आईच्या कपाटाला माझ्या धाकट्या भावाची बिजागरी लागली, त्या दिवसापासून माझे जेवणात लक्ष नाही. कपाट माझ्या घरात आहे, आई माझ्याकडे राहते, आणि गेली पंचवीस वर्षे मी बिजागऱ्या आणि कड्या सोडून दुसरे काही बनवलेले नाही. तरी कपाटाला बिजागरी त्याची.

ती हळू मिटणारी बिजागरी आहे. दार ढकलून दिले की शेवटच्या वीतभर अंतरात ते आपोआप मंदावते आणि आवाज न करता लागते. आई ते दार दिवसातून दहा वेळा कारण नसताना उघडते. कोणी भेटायला आले की त्यांना बसा म्हणायच्या आधी कपाटापुढे उभे करते. "बघा, धाकट्यानं बसवून दिलंय. जरासुद्धा आवाज नाही." मी तिथेच बसलेला असतो. माझ्या ज्या बिजागऱ्यांवर ते दार एकोणीस वर्षे फिरले, त्या तिने जुन्या रुमालात बांधून मला परत दिल्या, जणू शेजारणीचे भांडे परत करावे तशा.

काही लोक मला मागाहून म्हणाले, हेवा वाटत होता तर सरळ सांगायचे होते. सांगतो ना. मला माझ्या धाकट्याचा हेवा वाटतो. 'वाटायचा' असे लिहिणार होतो, पण एवढे सगळे होऊन गेल्यावर आता खोटे कशाला लिहू.

आमचा कारखाना वडिलांनी काढला. दोन प्रेस, एक प्लेटिंगची टाकी, पॉलिशच्या दोन मोटरी आणि वर पत्र्याच्या केबिनमध्ये मी. लोखंडाची पट्टी एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बिजागरी बाहेर पडते, आणि मधल्या वेळात एवढा आवाज होतो की बायकोच्या मते मी घरीसुद्धा ओरडूनच मीठ मागतो. वडील गेल्यावर नऊ वर्षे आम्ही दोघांनी मिळून तो चालवला. मग तीन वर्षांपूर्वी सरकारने बाहेरून येणाऱ्या मालावरचे आयात शुल्क चाळीस टक्क्यांवरून पाचवर आणले, आणि सहा महिन्यांच्या आत धाकटा केबिनमध्ये येऊन म्हणाला, "दादा, मला माझा वाटा दे. मी बनवणार नाही आता. आणून विकणार."

"म्हणजे कारखानदाराचा दुकानदार होणार."

"माल तोच, दादा. फक्त आवाज कमी."

वाटा दिला. त्याने गावाबाहेर एक गोदाम घेतले. मी फक्त एकदा गेलो. पांढरी फरशी, रांगेने रॅक, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, आणि माणसे किती, तर चार. त्याच्या नखांत तेल नव्हते. नऊ वर्षे माझ्याबरोबर तेलात हात घालणाऱ्या माणसाची नखे दुसऱ्या वर्षी बँकेतल्या साहेबासारखी झाली होती. मला त्याची खोकी खुपली नाहीत, रॅक खुपले नाहीत, ती नखे खुपली. घरी येऊन मी ब्रशने हात घासले आणि बायकोने विचारले, कुठे पाहुणे म्हणून जायचे आहे का.

त्याच्या मालात खोट असणारच, हे मी धरून चाललो होतो. त्याची एक जोडी मी दुसऱ्याच्या नावाने विकत आणली. व्हर्नियर लावून पिन मोजली, ती आमच्यापेक्षा जाड निघाली. मग त्याची आणि आमची अशा दोन बिजागऱ्या चहाच्या दोन कपांत मिठाच्या पाण्यात घालून टेबलावर ठेवल्या. पाचव्या दिवशी एक गंजली. ती आमची होती. पॉलिशवर बसणारे आमचे म्हातारे कामगार, वडिलांच्या वेळचे, कप धुवायला घेऊन जाताना म्हणाले, "मालक, माल बरा आहे हो त्यांचा." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

आता संघटनेचे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्यापायी घडले.

गावात बिजागऱ्यांचे पाच कारखाने. एक अध्यक्षांचा, एक मिशीवाल्यांचा, दोन साडूभावांचे एकेक, आणि आमचा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाचही जण अध्यक्षांच्या कारखान्यावरच्या खोलीत चहाला जमायचे आणि त्या महिन्याचा दर ठरवायचे. जोडीला इतके, त्याखाली कोणी विकायचे नाही. दर एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा आणि खाली सगळ्यांनी सही करायची. मोठे सरकारी काम निघाले की त्याचा नंबर लावलेला असे. ज्याचा नंबर त्याने निविदेत ठरल्याप्रमाणे भरायचे, बाकीच्या चौघांनी मुद्दाम थोडे जास्त भरायचे. वही त्या वेळी ज्याचा नंबर असेल त्याच्याकडे ठेवायची पद्धत होती. वडील म्हणायचे, एकमेकांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. मला ती सभ्यता वाटत असे, खरेच वाटत असे. माझा गुडघा दुखायला लागल्यापासून जिना चढायला मी धाकट्याला पाठवायचो, त्यामुळे वहीत आमच्या कारखान्यासमोर चार-पाच वर्षे त्याच्याच सह्या होत्या.

शुल्क उतरल्यावर बाहेरून माल आणणारे चार जण उभे राहिले. आमची झोप उडाली. पण अध्यक्ष म्हणाले, "घाबरता काय? त्यांनाही वहीत घ्या." आणि घेतले. बंदरावर माल कितीही स्वस्त उतरू दे, विकायचा आमच्याच दराने. मधला सगळा नफा आणणाऱ्याचा, मग तो कशाला नाही म्हणेल? चारांतल्या तिघांनी चहा संपायच्या आत सह्या केल्या. चौथा धाकटा होता. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मी सही करणार नाही. आणि तुम्हीपण हे बंद करा. आता कायदा आहे याला."

"कायदा काय आम्हाला चहा प्यायला बंदी करणार?" मिशीवाले म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

खाली जिन्यात त्याने माझा हात धरला. "दादा, तू तरी बाहेर पड यातून." मी हात सोडवून घेतला. म्हटले, चार-पाच वर्षे सह्या करताना कायदा आठवला नाही, स्वतःचे गोदाम झाल्यावर बरा आठवला. त्या दिवसानंतर मी त्याचा फोन घेणे सोडले. आईला भेटायला तो रविवारी यायचा तेव्हा मी कारखान्यात जाऊन बसायचो, बंद प्रेसकडे बघत.

त्यानंतर दोन वर्षांनी सरकारी वसाहतीचे काम निघाले. अकराशे घरे, प्रत्येक घराची सगळी दारे आणि खिडक्या. नंबर माझा होता. वही माझ्याकडे आली. त्या कामावर माझा दुसरा प्रेस पुढची दोन वर्षे चालणार होता. नाही मिळाले, तर दुसऱ्या प्रेसवरची अकरा माणसे घरी पाठवावी लागणार होती. हे सगळ्यांना माहीत होते, पॉलिशवाल्या म्हाताऱ्यांनाही.

ठरल्याप्रमाणे चौघांनी जास्त भरले, तिघा आणणाऱ्यांनी भरलेच नाही. मी ठरलेला दर भरला. धाकट्याने माझ्या एक चतुर्थांश खाली भरला, आणि काम त्याला गेले.

अध्यक्षांनी फोन केला. "तुझा भाऊ आहे. तूच आवर." मग दोन वर्षांत पहिल्यांदा मी धाकट्याला फोन लावला.

"अकरा माणसं घरी बसतील," मी म्हणालो. "तुला माहीत होतं, नंबर माझा होता."

"दादा, नंबर वगैरे काही नसतं. तूपण कमी भरायचं होतंस. तुझा खर्च मला माहीत आहे, तू एवढ्यात करू शकतोस."

"शब्द दिलेला असतो."

"कोणाला? ज्यांनी अकराशे घरांना महाग बिजागऱ्या विकायच्या ठरवल्या त्यांना?" मग म्हणाला, "ऐक. बिजागऱ्या माझ्या जाऊ देत. पण बाहेरची कडी चांगली नाही, वाकते. सगळ्या कड्या मी तुझ्याकडून घेतो. दुसरा प्रेस त्यावर चालेल तुझा. उद्या ये, बसू."

चांगले होते ते. आता कळते आहे असे नाही, तेव्हाच कळले होते. पण धाकट्याच्या कामात कड्या पुरवायच्या, त्याच्या पांढऱ्या फरशीवर खोकी उतरवून पावती घ्यायची, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हणालो, "भीक नको," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला, लाल वही पिशवीत घातली आणि स्पर्धा आयोगाच्या कार्यालयात तक्रार द्यायला गेलो. वर्तमानपत्रात वाचले होते की बाजारात कोणी गैरप्रकाराने दुसऱ्याचा धंदा मोडत असेल तर तिथे दाद मागता येते. माझा धंदा मोडत होता आणि मोडणारा माहीत होता. मला आणखी काय हवे होते?

तिसऱ्या मजल्यावर एका बाईंपुढे बसवले. पन्नाशीच्या, सर्दी झालेल्या, हातात रुमाल. माझी तक्रार त्यांनी दोनदा वाचली.

"तुमचं म्हणणं, भावाने कमी दराने माल विकला."

"हो."

"कोणत्या दरापेक्षा कमी?"

"ठरलेल्या."

"कोणी ठरवला?"

"आम्ही." आणि मी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. पुरावा म्हणून आणली होती. बघा, म्हटले, दर महिन्याचा दर आहे, सह्या आहेत, एक महिना चुकलेला नाही. बाहेरून आणणारे तिघेसुद्धा इमानाने सही करतात. फक्त हा एक जण मानत नाही.

त्यांनी पान उलटले. मग दुसरे. रुमाल बाजूला ठेवला. नंबर कसा लागतो, जास्त कोण भरतो, वही कोणाकडे राहते, सगळे विचारले. मी सगळे सांगितले. किती दिवसांनी कोणीतरी माझे एवढे मन लावून ऐकत होते. घरी सगळे कपाटाकडे बघत असतात.

"तीन वर्षं आम्ही एक गोष्ट शोधतोय," त्या म्हणाल्या. "शुल्क पस्तीस टक्क्यांनी उतरवलं, ते लोकांना माल स्वस्त मिळावा म्हणून. बंदरावर माल स्वस्त झालापण. पण दुकानात बिजागरी जिथल्या तिथे. आम्हाला वाटलं, वाहतूक महाग असेल."

"छे, वाहतूक कसली?" मी म्हणालो. "ते आम्ही."

हे मी अभिमानाने म्हणालो. ते तसे म्हटल्याचे आठवले की आजही मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

बाईंनी पेन खाली ठेवले. "आता मी सांगते ते नीट ऐका. तुमच्या भावाने स्वस्तात आणून स्वस्तात विकलं, यात काहीही गैर नाही. गैर हे आहे." त्यांनी वहीवर बोट ठेवले. "तुम्ही भावाची तक्रार घेऊन आलात आणि स्वतःचा गुन्हा सांगितलात."

 मी वही ओढून घ्यायला हात पुढे केला. त्यांनी घेऊ दिली.

"घेऊन जाऊ शकता," त्या म्हणाल्या. "पण मी ऐकलंय, आता चौकशी होणारच. दुसरा रस्ता असा आहे. अशा टोळक्यातून जो पहिला येऊन सगळं खरं सांगतो, त्याचा दंड पूर्ण माफ होतो. दुसऱ्याला थोडा कमी. बाकीच्यांना पूर्ण. आणि दंड झालेल्याला तीन वर्षं सरकारी काम नाही, मिळालेलं असेल तर तेही जातं."

"माझ्या आधी कोणी आलंय?"

"नाही. तुम्ही पहिले."

त्यांनी माझ्यापुढे एक अर्ज ठेवला आणि शेवटच्या रकान्यावर पेनाने खूण केली. "माफी तुमच्या कारखान्याला आणि आज तिथे असलेल्यांना मिळेल. पूर्वी तुमच्या वतीने सही करणारा, पण आता सोडून गेलेला कोणी असेल, तर त्याचं नाव इथे घाला. नाही घातलं तर तो बाकीच्यांमध्ये जाईल. बाहेर बसा, विचार करा, घाई नाही."

मी बाहेर बाकावर बसलो. वही उघडली. जुन्या पानापानावर आमच्या कारखान्यासमोर धाकट्याची सही. त्याची सही सुंदर आहे, शाळेत असल्यापासून. मी पाने उलटत गेलो आणि मला हिशेब सुचत गेला, कोणी न सांगता. वहीत सही आहे. रकान्यात नाव नसेल तर दंड होणार. दंड झाला की वसाहतीचे काम जाणार. काम गेले की दुसऱ्यांदा निघणार, आणि त्या वेळी संघटनेतले कोणी भरायला उरलेले नसेल. मी एकटा असेन.

नाइलाज होता, डोके फिरले होते, असे मी म्हणू शकतो. पण डोके अगदी ठिकाणावर होते. अर्जातला प्रत्येक रकाना मी नीट भरला. शेवटच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'कोणी नाही' असे लिहिले आणि आत नेऊन दिला. बाईंनी तो रकाना वाचला, माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी सगळ्यांना नोटिसा गेल्या. अध्यक्षांचा फोन आला. "तू?" एवढेच विचारले त्यांनी. मी हो म्हणालो आणि फोन बंद झाला. दोन्ही साडू एकमेकांवर संशय घेऊन आठ दिवस भांडले आणि खरे कळल्यावर दोघे मिळून मला शिव्या द्यायला लागले. वसाहतीच्या कामाचे पत्र आले. काम तूर्त थांबवले आहे, गरज पडल्यास नव्याने दर मागवू. ते पत्र मी केबिनमध्ये मोठ्याने वाचले. चार दिवस मला चांगली भूक लागली. दुसऱ्या प्रेसला मी नवीन साचा बसवायला सांगितला.

पॉलिशवाल्या म्हाताऱ्यांनी साचा पाहिला आणि विचारले, "मग धाकट्या मालकांचं काय?"

"त्यांचं ते बघतील," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, प्रेस बंद असताना, धाकटा वर केबिनमध्ये आला. खुर्ची रिकामी होती, पण तो कोपऱ्यातल्या तेलाच्या पिंपावर बसला, पूर्वी बसायचा तसा. बरोबर एक प्लॅस्टिकची फाइल होती. तो वाळला होता. हे लक्षात आले आणि बरे वाटले, हेही सांगून टाकतो.

"दादा, माझं नाव घाईत राहिलं ना?"

मी टेबलावरची बिले सारखी करत बसलो.

"काल त्या बाईंना भेटून आलो. त्यांना तेच सांगितलं. म्हटलं, आमचा दादा अर्जबिर्ज भरताना गडबडतो, आमच्या लाइटबिलाचा अर्जसुद्धा वहिनी भरते. शेवटचा रकाना त्याला कळलाच नसेल. त्या म्हणाल्या, तसं असेल तर पंधरा दिवसांच्या आत त्याने स्वतः येऊन सांगावं, नाव घालू."

"कळला होता," मी म्हणालो. "त्यात 'कोणी नाही' लिहिलंय."

"माहीत आहे. मला अर्ज दाखवला त्यांनी." तो थोडा हसला. "तुझं अक्षर एवढं चांगलं मी कधी पाहिलं नव्हतं."

मला राग आला. माझे चुकले होते आणि मलाच राग आला. "मग घाईत राहिलं म्हणून कशाला सांगितलंस? खरं सांगायचं होतंस."

"काय सांगू? माझ्या सख्ख्या भावाने मुद्दाम लिहिलं, हे त्या परक्या बाईला सांगू? आईला कळलं तर?"

"आईला तू काहीही केलंस तरी गोडच लागतं."

हे वाक्य पन्नास वर्षांच्या माणसाने म्हणायचे नसते. खाली डबे खात बसलेली दोन माणसे उठून बाहेर गेली.  धाकट्याने फाइलमधून एक कागद काढला.

"हा दाखवणार नव्हतो," तो म्हणाला. "पण तू असा बघतोयस की मी तुझं काहीतरी चोरून नेलंय."

तोच अर्ज होता. तोच छापील मथळा, तेच रकाने, वर दोन वर्षांपूर्वीची तारीख. भरणारा धाकटा. शेवटच्या रकान्यात, 'आणखी कोणाचा समावेश करायचा आहे', तिथे माझे पूर्ण नाव, कारखान्याचे नाव, आणि नात्यापुढे 'थोरला भाऊ'. खाली त्याची ती सुंदर सही. शिक्का नव्हता.

"जिन्यात आपलं झालं ना, त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलो होतो. पण तिथे म्हणाले, सोडून गेलेल्याच्या अर्जात चालू कारखाना घालता येत नाही, त्याने स्वतः यायला पाहिजे. म्हणजे मी अर्ज दिला असता तर पहिला मी, मी सुटलो असतो आणि तू अडकला असतास. तुला सांगायला फोन केले. तू घेत नव्हतास. इथे आलो तर तू केबिनला आतून कडी लावून घेतलीस."

"मग?"

"मग नाही दिला."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं. रोज वाटायचं, साडूंपैकी कोणीतरी आज जाईल, आणि आपण दोघंही बुडू." तो उठला, पँट झटकली. "चल, माल उतरवायचाय. पंधरा दिवसांतले चौदा राहिलेत. बघ तुला काय करायचं ते."

तो गेल्यावर सुट्टी संपली आणि प्रेस सुरू झाले. मी केबिनमध्ये तो कागद पुन्हा वाचला. जन्मात एकदाच कुठेतरी मी त्याच्या आधी पोचलो होतो, आणि तेही तो दोन वर्षे दारातून मागे फिरलेला होता म्हणून. मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटली. पण आधी हेवा वाटला. इतके चांगले वागायला याला जमते कसे, आणि मलाच का जमत नाही, असा सरळ हेवा. लाज त्याच्यानंतर आली, आणि आली ती अजून गेलेली नाही.

नाव घातले की काम पुन्हा त्याचे होणार होते आणि माझा दुसरा प्रेस थांबणार होता. नाही घातले तर तो संपणार होता, आणि घालायचे हातात असून घातले नाही, हे आम्हा दोघांना कायमचे माहीत राहणार होते. मी रात्रीपर्यंत थांबलो नाही. तसाच तेलकट हातांनी निघालो आणि कार्यालय बंद व्हायच्या आत तिसऱ्या मजल्यावर पोचलो.

बाईंनी अर्ज काढला आणि 'कोणी नाही' वर बोट ठेवून विचारले, "हे घाईत झालं होतं?"

"हो," मी म्हणालो. "शेवटचा रकाना मला नीट कळला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि धाकट्याचे नाव लिहून घेतले. अख्ख्या आयुष्यात त्याच्यासाठी मी केलेले हे एवढे एकच चांगले काम. त्यासाठी लागलेले खोटेसुद्धा मला स्वतःला सुचले नाही, तेही त्यानेच तयार करून दिले होते.